एकजीवची चिठ्ठी

माझं डोकं फिरलं ते सकाळी साडेदहाला. मुखपृष्ठ करणारा चित्रकार बगलेत गुंडाळी घेऊन आला, माझ्या टेबलावरच्या चिठ्ठ्या कोपराने बाजूला सारल्या, गुंडाळी पसरली आणि तिच्या दोन कोपऱ्यांवर माझाच चष्म्याचा डबा आणि माझाच पाण्याचा पेला ठेवून म्हणाला, "बाई, मागची बाजू बघा. साहेबांनी स्वतः निवडलंय." बघितलं. आमच्या शब्दकोशाच्या पहिल्या खंडाची मागची बाजू, निळी, आणि तिच्यावर मधोमध सोनेरी अक्षरांत एकच वाक्य. 'आम्ही दोघं इतके एकजीव झालो, की कुणाचं काय ते आमचं आम्हालाच सांगता येईना.' त्याखाली बारीक टाइपात, 'एक गृहिणी'. मी ते वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली असं जे लोक म्हणतात ते उगाच म्हणत नाहीत हे मला कळलं. चित्रकार आपला खूश. "किती गोड आहे ना? मी काल बायकोला वाचून दाखवलं." मी विचारलं, "मग? काय म्हणाली?" तो म्हणाला, "काही नाही. भांडी घासत होती."

ते वाक्य माझ्या आईच्या नावावर आहे. माझी आई ते जन्मात बोललेली नाही. ते बोलले माझे वडील, आणि आईच्या नावावर ते लिहिलं मी. बावीस वर्षांपूर्वी, नोकरीला लागून तीन महिने झाले होते तेव्हा. आता हे नीट सांगायला हवं, कारण बाहेरच्याला वाटेल, एवढंसं वाक्य, त्यात काय मेलं एवढं. आमच्याकडे शब्द चिठ्ठीवर येतो. तळहाताएवढी जाड कागदाची चिठ्ठी. वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली एक वाक्य, आणि ते वाक्य कुणीतरी खरोखर तोंडानं बोललेलं पाहिजे. कोण बोललं, काय काम करणारं माणूस, कुठे, कोणत्या तारखेला, आणि कोपऱ्यात ते टिपून घेणाऱ्याची आद्याक्षरं. मनानं रचलेलं वाक्य चालत नाही. एकाचं दुसऱ्याच्या तोंडी घातलेलं तर मुळीच चालत नाही. व्हरांड्यात पाटीच लावलेली आहे: 'बोललं तसं लिहावं. बोललं त्याच्याच नावावर लिहावं. ज्याची एक चिठ्ठी खोटी, त्याच्या सर्व चिठ्ठ्या बाद.' नव्या मुली कामाला लागल्या की पहिल्या दिवशी त्यांना त्या पाटीखाली उभं करून ती मोठ्यानं वाचायला लावते ती मी. मीच. दर वर्षी. ऐटीत.

आणि 'गृहिणी' काय, गृहिणी! माझी आई एकतीस वर्षं रंगाच्या दुकानात उभी होती. भिंतीचे रंग, दाराखिडक्यांचे रंग. पुढे गल्ल्यापाशी वडील, मागच्या खोलीत आई. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा आणायचं, नखाएवढा, आणि म्हणायचं, अगदी अस्साच पाहिजे. वडील तो पोपडा उजेडात धरून असा चेहरा करायचे की जसं काही आता रंगाशी बोलणारच आहेत, आणि मग तो गुपचूप मागे आईकडे यायचा. आई दोन डबे उघडायची, कधी तीन. काठी घालून ढवळायची. तिचं ढवळणं मला अजून ऐकू येतं. आधी काठी तळाला खरवडत जायची, मग तो खरखर आवाज हळूहळू कमी व्हायचा, मग नुसता दाट, गुळगुळीत, जवळपास न येणारा आवाज. आई मान तिरकी करून तो ऐकायची. डोळ्यांनी नाही, कानांनी ठरवायची. मग काठीचा एक थेंब काचेवर सोडून ती काच खिडकीशी धरायची आणि म्हणायची, "झाला एकजीव." हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो असा, टर्पेंटाइनच्या वासात, शाळेतून येऊन उलट्या डब्यावर बसलेली असताना. डबा पुढे जायचा. पुढून गिऱ्हाइकाचा आवाज यायचा, "वा साहेब, हाताला जादू आहे तुमच्या." आणि वडील म्हणायचे, "अहो, सगळी सवय." दुकानाच्या पाटीवर वडिलांचं नाव आणि पुढे 'आणि कंपनी'. आई म्हणायची, "ती कंपनी म्हणजे मी."

हे ती हसून म्हणायची, म्हणून कुणी मनावर घ्यायचं नाही. मीही नाही. वडील वाईट होते का? नव्हते हो, हाच तर वैताग आहे. दारू नाही, मारहाण नाही, आवाजसुद्धा चढवायचे नाहीत. चार माणसांत आईचं कौतुक करायचे. "मी आणि ही काय वेगळे आहोत?" हे त्यांचं आवडतं वाक्य. आईनं काही सुचवलं की ते दुसऱ्या दिवशी त्यांचं झालेलं असायचं, आणि इतकं सहज, इतकं निष्पाप की चोरी म्हणायला तोंड उघडावं तर आपलीच लाज वाटावी. आईला कोणती भाजी आवडते हे आम्हांला वडील सांगायचे. आईचं डोकं दुखतंय हेसुद्धा. एकदा मी आठवीत असताना घरी आलेल्या पाहुण्यांनी आईला विचारलं, तुम्हांला कोणता रंग आवडतो, एवढे रंग हाताळता; आणि वडील म्हणाले, "आम्हांला निळा." आई तेव्हा पेले उचलत होती. ती उचलतच राहिली. मला आठवतं, मला तेव्हा राग आला होता, पण तो आईचा आला होता.

तर ती चिठ्ठी. नोकरीत कायम व्हायचं होतं. मुख्य संपादकांना आम्ही पाठीमागे पूर्णविराम म्हणतो, कारण ते बोलले की पुढे कुणी बोलायचं नसतं. तेव्हा ते तरुण होते, पण पूर्णविराम तेव्हाही होतेच. त्यांनी मला ए अक्षर दिलं होतं. 'एकजीव' शब्द हाती आल्यावर मी उड्या मारत घरी गेले, कारण हा तर आमच्या घरचाच शब्द. दुसऱ्या दिवशी रविवार होता. आई दुकानाच्या मागच्या खोलीत ब्रश धूत होती. मी चिठ्ठी काढून म्हटलं, "आई, एकजीव म्हणजे काय ते तुझ्या वाक्यात सांग." ती म्हणाली, "रंगाचं सांगू?" मी म्हटलं, "रंगाचं आहे माझ्याकडे. माणसांचं सांग. नवराबायकोचं." हे मी का म्हटलं देव जाणे. कायम व्हायची घाई, दुसरं काय. आईनं ब्रश झटकला, हिरवं पाणी फरशीवर उडालं, आणि एका दमात, विचार न करता, जणू ते वाक्य कधीचं तिथे तयार होऊन पडलं होतं, म्हणाली, "एकजीव व्हायचं तर दोन्ही डबे रिकामे व्हावे लागतात. आमच्यात माझा एकटीचाच झाला." मी ते लिहिलं. लिहिलं ना, खोटं कशाला बोलू, अक्षर न अक्षर लिहिलं. आईनं चिठ्ठी बघायला हातात घेतली, तिच्या ओल्या अंगठ्याचा हिरवा ठसा कोपऱ्यात उमटला. "हे पुस्तकात येणार?" तिनं विचारलं. "येणार," मी म्हटलं. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत गुणगुणत होती.

पूर्णविरामांनी ती चिठ्ठी वाचली आणि दोन बोटांत धरून मला परत दिली. "बाई, ही तक्रार आहे. अर्थ कुठे आहे यात? एकजीव हे चांगल्या अर्थाचं विशेषण आहे. घरगुती, गोड काहीतरी आणा." झालं. मी मान डोलावली. मी! घरी येऊन जेवताना मी वैतागून म्हटलं, एकजीववर गोड वाक्य पाहिजे म्हणे. वडिलांनी घास खाली ठेवला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "लिही. आम्ही दोघं इतके एकजीव झालो, की कुणाचं काय ते आमचं आम्हालाच सांगता येईना." आणि मग, हे महत्त्वाचं आहे, मग ते म्हणाले, "हिच्या नावावर लिही. बाईच्या तोंडी जास्त शोभेल." मी आईकडे बघितलं. आई वाढत होती. ती म्हणाली, "लिही, लिही. तेही लिही." 'तेही' म्हणजे, माझं आहेच, त्याशिवाय तेही, असं तिला वाटलं होतं. मला ते तेव्हाच समजलं होतं. मी वडिलांचं वाक्य आईच्या नावावर लिहिलं, आईचं वाक्य खाली तळघरात बाद चिठ्ठ्यांच्या कपाटात गेलं, पुढच्या महिन्यात मी कायम झाले, आणि आईला सांगितलं, तुझं घेतलं बरं का.

बावीस वर्षं ती वाट बघत होती. शब्दकोशाचं काम म्हणजे मुंगीच्या पावलांचं. दर वर्षी एकदा तरी ती विचारायची, "कुठवर आलात गं? अजून आ मध्येच अडकलात का? ए कधी यायचा?" मी म्हणायची, येईल, येईल. वडील गेले त्याला आठ वर्षं झाली. आई माझ्याकडे राहायला आली. भेटायला आलेले सगळे एकजात म्हणत होते, काय जोडपं होतं, एकजीव अगदी. आई त्यांना पाणी देत होती. सगळे गेल्यावर तिनं मला विचारलं, "ए आला का?" अशा दिवशी! मला ते तेव्हा विचित्र वाटलं. आज सकाळी, त्या सोनेरी अक्षरांसमोर उभी राहून, मला वाटलं की मी स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्यात, पण चित्रकार समोर होता.

तो गेला आणि फोन वाजला. आई. ती कधी कार्यालयात फोन करत नाही. "अगं, तुझ्या साहेबांचा फोन आला होता. गोड बोलत होते. म्हणाले, तुमचं वाक्य पुस्तकाच्या पाठीवर छापतोय, समारंभाला या, व्यासपीठावर बसा आणि स्वतःच्या तोंडानं ते म्हणा. मी म्हटलं येते की." अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, नवी चप्पल घ्यायला हवी म्हणाली. "पण मला शब्दशः आठवत नाही गं. डब्यांचं होतं एवढं आठवतं. वाचून दाखव ना." मी म्हटलं, "घरी आल्यावर." ती म्हणाली, "आत्ता वाच. पाठ करायला घेते." मी वाचलं. एका शब्दावर थांबले नाही, पोहऱ्यातून पाणी ओतावं तसं ओतून टाकलं. पलीकडे आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंब ऐकू येत होता. मग आई म्हणाली, "हे तर ह्यांचं. माझं कुठंय? तू म्हणाली होतीस घेतलं." मग तिनं हळूच फोन ठेवला. आपटला असता तर बरं झालं असतं.

मी उठून तळघरात गेले. जिना उतरताना मला सगळ्यांचा राग येत होता, ओळीनं. वडिलांचा, की मेल्यावरही ते आईच्या तोंडून बोलायचे थांबत नाहीत. पूर्णविरामांचा, की ज्या माणसानं जन्मात काही ढवळलं नाही तो एकजीवचा अर्थ ठरवतो. खरंच ढवळत नाही तो. त्याच्या चहाच्या कपाच्या तळाशी रोज साखर तशीच राहते आणि तो रोज म्हणतो, आज चहा फिका होता. अर्थ म्हणे! मी गेली बावीस वर्षं या शब्दांच्या घोळक्यात राहते, मला विचारा ना. 'मिश्र' म्हणा, त्यात दोन्ही जिनसा निदान शाबूत असतात, डाळ-तांदूळ निवडावेत तसे निवडता येतात. 'संमिश्र' हे भित्र्यांचं विशेषण, प्रतिसादाला लावतात, प्रतिक्रियांना लावतात, म्हणजे चांगलं म्हणवत नाही आणि वाईट म्हणायची छाती नाही. भेसळीत निदान कबुली असते की फसवलंय. पण एकजीव? त्यात हरकत घ्यायला जागाच ठेवलेली नाही. कुणी घ्यायची हरकत? पिवळ्यानं? तो उरलाच कुठे, सगळा हिरवाच दिसतोय. आणि बघणारे वा वा म्हणतात. मी त्या चिठ्ठीवर अर्थ लिहिला होता, माझ्या वळणदार अक्षरात: 'मनाने पूर्ण एकरूप झालेले, अभिन्न.' परीक्षेत लिहावा तसा. एकतीस वर्षं मागच्या खोलीत काय चाललं होतं हे उलट्या डब्यावर बसून बघितलेल्या मुलीनं हा अर्थ लिहिला.

आमच्याकडे बाद चिठ्ठी फाडत नाहीत, हीच एक देवाची कृपा. तळघरात लाकडी खण आहेत, धूळ, आणि एक मिणमिणता दिवा. ए-चा खण ओढला तर अर्ध्यात अडकला. मी त्याला लाथ घातली. माझ्या वयाच्या बाईनं, साडी सावरून, सरकारी खणाला लाथ. उघडला. चिठ्ठी सापडायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बावीस वर्षं ती माझ्या पायाखाली दोन मजले सोडून पडली होती. शाई तपकिरी झाली होती, पण आईचा अंगठा तसाच हिरवागार. मी त्यावर माझा अंगठा ठेवून बघितला. माझा मोठा निघाला. मग तिथेच, खणांच्या मधे, मी रडले; पण फार नाही, कारण राग मधे मधे येत होता.

पूर्णविराम मुखपृष्ठाची गुंडाळी बघत बसले होते. पाच वाजता छापखान्याचा माणूस यायचा होता. "या बाई, या," ते म्हणाले. "आईंशी बोललो मी. काय गोड बोलतात हो. आणि हे बघा." त्यांनी आतलं पान पुढे केलं. संपादक मंडळ. पूर्णविरामांच्या नावाखाली, सहसंपादक म्हणून, माझं नाव. मला माहीत नव्हतं. बावीस वर्षांत माझं नाव कुठेही छापलेलं नाही, कोपऱ्यातल्या दोन अक्षरांशिवाय. मी ते नाव बघितलं आणि, लाज वाटते सांगायला, क्षणभर मला खरोखर वाटलं, जाऊ दे. आईला काय, समजावू. म्हातारं माणूस, चार दिवस रुसेल, नवी चप्पल घेऊ, समारंभात टाळ्या पडतील, विसरेल. हे सगळं माझ्या डोक्यात वडिलांच्या आवाजात आलं, त्याच समजूतदार, प्रेमळ आवाजात. तेव्हा मात्र मी हातातली चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"हे आईचं वाक्य. मुखपृष्ठावरचं माझ्या वडिलांचं आहे. मी ते आईच्या नावावर लिहिलं. खोटी चिठ्ठी आहे ती, सर. माझी."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. दार लावून घ्या म्हणाले. मी लावलं नाही. "बाई, तुम्हांला समजतंय का तुम्ही काय बोलताय? या खंडात तुमच्या सहाशे तेरा चिठ्ठ्या आहेत. नियमानं सगळ्या बाद. दुसऱ्या चौघी जणींनी त्या माणसांकडे परत जाऊन, परत वदवून घ्यायचं. तीन महिने. तोवर खंड थांबणार. आणि तुमचं नाव—" ते थांबले. मी म्हटलं, "जाईल." ते म्हणाले, "हे कुणाला कळणार आहे? वडील गेले. आई तुमचीच. नवराबायकोत कोण काय बोललं याचा हिशेब कुणी ठेवतं का? एकाच घरातलं वाक्य आहे." "हेच ते!" मी ओरडले. मी त्या खोलीत बावीस वर्षांत ओरडले नव्हते, व्हरांड्यातून जाणाऱ्या बायका थांबल्या. "हेच ते, सर! एकाच घरातलं! घरात माणसं किती होती ते मोजा ना आधी. तुम्ही माझ्या आईला गृहिणी लिहिलंत. तिच्या हातावर अजून रंगाचे डाग आहेत. ती तुम्हांला तक्रार वाटली. तक्रारच होती ती. तक्रारीला अर्थ नसतो का?" ते म्हणाले, "आवाज खाली." मी म्हटलं, "नाही." आमचे पूर्णविराम, आणि पुढे मी बोलत होते. "आणि मी तुमच्याहून वाईट. तुम्हांला माहीत नव्हतं, मला होतं. मला कायम व्हायचं होतं. आईचा जीव द्यायचा आणि नोकरी घ्यायची, असला माझा कारभार."

त्यांनी चिठ्ठीवरच्या अंगठ्याच्या ठशाकडे बघितलं आणि ते हळू म्हणाले, "बरं. हे घेऊ म्हटलं तरी घेता येत नाही, बाई. ही चिठ्ठीही तुमचीच आहे. तुमच्या सर्व बाद, म्हणजे हीसुद्धा." हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मीच पाटीखाली उभं करून सगळ्यांना घोकून घेतलेला नियम, आणि तो येऊन असा बसला. खरं सांगते, मला हसू आलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी न विचारता खुर्चीत बसले. आई घरी त्या फोनशेजारी कशी बसली असेल ते मला दिसत होतं. तिचं वाक्य दुसऱ्यांदा मीच बाद केलं होतं, आणि या खेपेला खरं बोलून.

मग पूर्णविरामांनी खण उघडला. आतून एक कोरी चिठ्ठी काढली. त्या माणसानं वीस वर्षांत स्वतः एक चिठ्ठी लिहिलेली नाही, तो आमच्या चिठ्ठ्यांवर फुल्या मारतो. पेनाचं टोपण काढायलाच त्यांना वेळ लागला. वर 'एकजीव' लिहिलं, तारीख घातली, कोपऱ्यात स्वतःची आद्याक्षरं घातली आणि फोन ओढला. "नमस्कार. सकाळी बोललो तोच मी. हो. नाही, समारंभ पुढे गेलाय. मला एक शब्द विचारायचाय तुम्हांला. एकजीव. तुमच्या तोंडानं एक वाक्य पाहिजे. तुम्हांला हवं ते." ते ऐकत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "त्या विचारतायत तुम्ही इथे आहात का. बाहेर जा म्हणतायत. तुमच्यासमोर बोललं की काय होतं ते त्यांनी बघितलंय म्हणे." मी बाहेर गेले. व्हरांड्यात त्या पाटीखालीच जागा होती. दाराच्या काचेतून मला पूर्णविरामांचं टक्कल आणि पेन दिसत होतं. ते लिहीत होते, थांबत होते, "परत सांगा" म्हणत होते. एकदा त्यांनी डोकं वर करून माझ्याकडे बघितलं आणि चटकन नजर खाली घेतली. मी बोटाचं नख खाल्लं. शेजारी दोन नव्या मुली फाइली छातीशी धरून उभ्या होत्या, मी त्यांना म्हटलं, "कामं नाहीत का?" त्या हलल्या नाहीत.

त्यांनी मला आत बोलावलं तेव्हा फोन अजून चालू होता, टेबलावर उताणा ठेवलेला. चिठ्ठी माझ्यापुढे केली. त्यांचं अक्षर भयंकर आहे. बोलणाऱ्याच्या नावापुढे लिहिलं होतं: रंग कालवणारी, एकतीस वर्षे. खाली वाक्य: 'आम्ही एकजीव आहोत असं हे म्हणाले, मुलीनं ते माझ्या नावावर लिहून घेतलं, ढवळत मी होते.'

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनाशी झाली. पूर्णविराम खाकरले. आवाज अगदी मऊ करून, मी त्यांच्या तोंडून असा आवाज कधी ऐकला नव्हता, म्हणाले, "बाई, मधला तुकडा गाळता येईल. मुलीचा. वाक्याला धक्का लागत नाही. उलट आटोपशीर होतं." ते माझ्या भल्यासाठीच म्हणत होते. मी चिठ्ठी त्यांच्याकडे सरकवली. "बोललं तसं," मी म्हटलं. "एक अक्षर गाळायचं नाही."

मग फोन उचलून कानाला लावला. आई ऐकत होती.

"काय म्हणाले गं? गाळा म्हणाले ना?"

"हो."

"मग तू काय म्हणालीस?"

"सगळं घेतलं, आई. तू बोललीस तसं."

तिकडे नळाचा थेंब पडला. आणखी एक.

"छापून आलं की बघेन," आई म्हणाली आणि फोन ठेवला.